पेशींची ओळख शोधणारे विकृतिशास्त्रज्ञ : डॉ. वसंत रामजी खानोलकर

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातील एखाद्या रुग्णाला तीव्र रक्तकर्करोग झाल्याची शंका आली, की त्याच्या अस्थिमज्जेचा नमुना कोल्हापूर, बेळगाव, पुणे किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेकडे रवाना होतो. काही दिवसांनी येणाऱ्या अहवालात सीडी १०, सीडी १९, सीडी ३४ अशी अक्षरे व आकडे असतात. गुणसूत्रांची अदलाबदल, जनुकांतील बदल असे शब्द असतात. नातेवाइकांना त्यातले फारसे उमगत नाही. मात्र औषध कोणते, किती काळ आणि आशा कितपत, हे सारे त्या चार ओळींवरच ठरत असते. रोग केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या आकारावरून न ओळखता पेशीच्या पृष्ठभागावरील व तिच्या आनुवंशिक द्रव्यातील खुणांवरून ओळखायचा, या विचाराची आपल्या देशात ज्यांनी पायाभरणी केली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. वैद्यकक्षेत्राबाहेरच्या मराठी वाचकाला मात्र त्यांचे कार्य फारसे परिचित नाही.

लंडन ते परळ

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांचे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली या गावाशी नाते सांगते. वेंगुर्ल्याकडून सावंतवाडी, आंबोलीचा घाट आणि आजरा ओलांडून गडहिंग्लजला येणारी वाट जुनी आहे. कोकण आणि घाटमाथा यांचे व्यवहार याच वाटेने चालत आले. वैद्यकीय शिक्षणासाठी खानोलकर लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन केली. पहिल्या महायुद्धानंतरचा तो काळ होता. रोगाने शरीराच्या ऊतकांत काय बदल घडतात, हे काचपट्टीवर पातळ काप घेऊन पाहण्याची पद्धत तेव्हा युरोपात चांगलीच रुजली होती. भारतात मात्र विकृतिशास्त्र म्हणजे शवविच्छेदन आणि परीक्षेपुरता विषय, अशीच स्थिती होती.

मायदेशी परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. जी. एस. मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली परळला सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांच्या विश्वस्तांची अट होती. डॉ. जीवराज मेहता हे कॉलेजचे पहिले अधिष्ठाता. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असण्याच्या त्या दिवसांत भारतीय डॉक्टर अध्यापन आणि संशोधन दोन्ही समर्थपणे करू शकतात, हे या संस्थेला सिद्ध करायचे होते. खानोलकर त्या प्रयत्नातील एक प्रमुख शिलेदार होते. वर्गात शिकविणे, शवविच्छेदनातून नोंदी जमविणे आणि त्या नोंदींना प्रश्न विचारणे, ही त्यांची कामाची रीत याच काळात पक्की झाली.

एका मृत्यूतून उभे राहिलेले रुग्णालय

खानोलकरांच्या आयुष्याला वळण देणारी संस्था रक्तकर्करोगाच्याच एका दुर्दैवी घटनेतून जन्माला आली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियाने निधन झाले. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. तत्पूर्वी त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनाला साह्य करणारा लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला होता. जगभरातील ल्युकेमिया संशोधकांना या न्यासाने आजवर शिष्यवृत्त्या दिल्या आहेत. मेहेरबाईंवर उपचार परदेशात करावे लागले होते. अशा रोगांवरील उपचार मायदेशातच मिळावेत, या विचारातून परळ येथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे संचालक म्हणून डॉ. खानोलकरांची नियुक्ती झाली.

त्या वेळी ल्युकेमियाचे निदान कसे होत असे, हे पाहिले तर पुढच्या वाटचालीचे मोल कळते. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर त्याचा पातळ थर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी पाहायच्या. अपक्व, मोठ्या केंद्रकाच्या पेशींची गर्दी दिसली, की तीव्र ल्युकेमिया असे लिहायचे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४५ साली या रोगाचे वर्णन केले, त्याला तेव्हा जवळपास शतक लोटले होते. पण निदानाचे साधन मूलतः तेच होते. दोन रुग्णांच्या पेशी सारख्याच दिसत आणि तरीही त्यांचा आजार वेगळ्या वाटेने जाई. त्यांतील फरक कशात आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हते. अर्थात, दिसला असता तरी उपचार हाती नव्हता. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियात अमिनोप्टेरिन वापरून रोग तात्पुरता ओसरतो हे दाखविले, ते १९४८ साली. ते औषध अमेरिकेत घडविण्याच्या कामामागे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातील संशोधक होते.

सवय की वंश?

टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत. प्रत्येकाची भाषा, जात, आहार, पोशाख, व्यसने वेगळी. ही विविधता म्हणजे निसर्गाने मांडून ठेवलेला प्रयोगच आहे, हे खानोलकरांनी ओळखले. १९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी लोकांच्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारांचे वर्णन केले. कमरेला धोतर घट्ट कसून बांधल्याने त्वचेवर वर्षानुवर्षे होणाऱ्या घर्षणातून उद्भवणारा कर्करोग, खालच्या ओठात खैनी धरून ठेवल्याने होणारा कर्करोग आणि चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याच्या सवयीमुळे टाळूला होणारा कर्करोग, असे ते प्रकार होते. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत धोतराचा कर्करोग हा उल्लेख त्यांच्यामुळेच आला.

यामागे एक गंभीर प्रश्न होता. एखाद्या समाजात विशिष्ट कर्करोग अधिक आढळतो, तो त्या समाजाच्या रक्तातच आहे की त्यांच्या राहणीत? वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांनी जगात थैमान घातलेला तो काळ. अशा काळात सर्व दोष वंशावर ढकलणे सोपे होते. खानोलकरांनी तसे केले नाही आणि वंशाचा प्रश्न टाळलाही नाही. त्यांनी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजायचे ठरविले.

या कामात त्यांना डॉ. एल. डी. संघवी हे सहकारी लाभले. संघवी व खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील व्यक्तींच्या सात आनुवंशिक गुणधर्मांची पाहणी केली. १९४९च्या सुमारास ती इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपसातच विवाह करणाऱ्या समाजगटांत रक्तगटांसारख्या खुणांचे प्रमाण किती बदलते, हे आकड्यांनिशी मांडणारा भारतातील तो आरंभीचा अभ्यास होय. दुसरीकडे, संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगांशी असलेला संबंध दाखवून दिला. तोंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत कौल सवयीच्या बाजूने लागला. सवय बदलता येते, म्हणजेच रोग टाळता येतो, हा त्याचा अर्थ होता. तंबाखूचे पीक आणि तंबाखूची सवय दोन्ही परिचयाची असलेल्या आपल्या सीमाभागाला तर हा निष्कर्ष थेट लागू पडतो.

मुंबईच्या नावाचा रक्तगट

रक्तपेशींवरील खुणांच्या अभ्यासाला १९५२ साली परळच्याच परिसरातून अनपेक्षित जोड मिळाली. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे काही रक्तनमुने आढळले, की त्यांना कुणाचेही रक्त जुळेना. नेहमीच्या चाचणीत ते ओ गटाचे वाटत. परंतु ओ गटाचे रक्तही त्यांच्या रक्तद्रवात मिसळताच गोठळे. इंग्लंडमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने केलेला हा शोध लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि तो प्रकार बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. हा शोध भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांचा. खानोलकरांचा त्यात लेखक म्हणून सहभाग नाही. तथापि संघवींबरोबरच्या पाहणीत खानोलकर ज्या खुणांकडे वळले होते, त्याच दिशेने शेजारच्या प्रयोगशाळेत पडलेले हे मोठे पाऊल होते.

आपल्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर एच नावाची एक शर्करासाखळी असते. तिच्यावर आणखी एक शर्करा जोडली गेली, की ए किंवा बी गट तयार होतो. काहीच जोडले गेले नाही, तर ओ गट. बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तीत मुळात ही एच साखळीच नसते, कारण ती घडविणारे एकोणिसाव्या गुणसूत्रावरील जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही निकामी अवस्थेत आलेले असते. एका जनुकातील दोष आणि पेशीपृष्ठावरील एका खुणेचा अभाव, यांची इतकी स्वच्छ जोडी वैद्यकात क्वचितच सापडते. भारतात साधारण दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते, असे मानले जाते. जवळच्या नात्यातील विवाह जेथे रूढ आहेत, तेथे हा गट आढळण्याची शक्यता वाढते. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल असलेल्या दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विशेष म्हणजे, ल्युकेमियाशीही या खुणेचे नाते निघाले. तीव्र ल्युकेमियाच्या काही रुग्णांत ए किंवा बी गटाची खूण क्षीण होते आणि रोग ओसरल्यावर पूर्ववत होते, हे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले. पेशी बिघडली, की तिच्या पृष्ठावरील ओळखही बदलते, याचा तो पुरावा होता. पुढे पेशीपृष्ठावरील खुणांची आंतरराष्ट्रीय यादी तयार झाली, तेव्हा एच साखळीच्या एका प्रकाराला सीडी १७३ असा क्रमांक मिळाला. ज्या अक्षरांनी आज ल्युकेमियाचा अहवाल सुरू होतो, त्याच यादीत परळच्या त्या खुणेलाही अशी जागा मिळाली.

संशोधन केंद्र आणि शिष्यपरंपरा

१९५२ सालीच परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक संचालक झाले. रुग्णालयात रोगी तपासायचे आणि शेजारच्या इमारतीत रोगाचे मूळ शोधायचे, अशी ही रचना होती. विकृतिशास्त्रज्ञाने काचपट्टीवर शिक्कामोर्तब करून थांबू नये. त्याच्या बरोबरीने आनुवंशिकता, पेशीविज्ञान, रसायनशास्त्र व सांख्यिकी जाणणारे लोक एका छपराखाली असावेत, हा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे सर्वांत ठळक फळ म्हणजे डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमलताईंनी पदव्युत्तर अभ्यास वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीत केला होता. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. हेला या नावाने गाजलेल्या मानवी कर्कपेशी १९५१ साली याच प्रयोगशाळेत वाढविल्या गेल्या. परतल्यावर रणदिवे यांनी परळच्या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनांचा कर्करोग, ल्युकेमिया आणि अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासासाठी त्यांनी उंदरांवरील प्रारूपे विकसित केली. आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा कर्करोगाशी असलेला संबंध त्या पडताळीत राहिल्या. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केलेल्या एका तरुण स्त्रीला कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जागा देणे, हे त्या काळात सहज घडणारे नव्हते. रणदिवे यांनी पुढे १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

कुष्ठरोग हा खानोलकरांच्या अभ्यासाचा आणखी एक महत्त्वाचा विषय. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांतील ऊतकांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. जंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंत कसे शिरतात व तेथून कसे पसरतात, याचे त्यांनी केलेले वर्णन १९५१ साली प्रसिद्ध झाले. बधिरतेचे आणि हातापायांच्या विकृतीचे मूळ कळण्यास त्याने मदत झाली. रोगाची खूण उघड्या डोळ्यांना दिसण्याआधी कोठे उमटते, हा प्रश्न त्यांनी येथेही सोडला नाही.

मानमरातब आणि अखेर

भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात भूषविले. भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा सन्मान केला आणि राष्ट्रीय प्राध्यापक म्हणूनही त्यांची निवड केली. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. दरम्यान, टाटा रुग्णालय आणि कर्करोग संशोधन केंद्र १९६२ साली अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले आणि १९६६ साली टाटा मेमोरियल सेंटर या एकाच संस्थेचे दोन भाग बनले. खानोलकरांनी ज्या जोडीची कल्पना केली होती, तिला असे कायमचे रूप मिळाले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या अखेरच्या दोन दशकांत ल्युकेमियाच्या निदानाचे चित्र झपाट्याने पालटत होते. १९६० साली फिलाडेल्फियातील नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र आढळले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपले तुकडे परस्परांना दिल्याने ते तयार होते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ साली दाखविले. १९७५ साली कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच खुणेला नेमके चिकटणारी प्रतिपिंडे हवी तेवढी बनविण्याची युक्ती शोधली. १९७६ साली फ्रेंच, अमेरिकी व ब्रिटिश तज्ज्ञांनी पेशींच्या रूपावर आधारित वर्गीकरण मांडले. १९८२ साली पॅरिसमधील बैठकीत पेशीपृष्ठावरील खुणांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत ठरली. ती पाहायला खानोलकर हयात नव्हते.

आजच्या अहवालाचा अर्थ

आज तीव्र ल्युकेमियाचे निदान तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी अजूनही काचपट्टीचीच. रक्तात किंवा अस्थिमज्जेत अपक्व पेशींचे प्रमाण साधारणतः २० टक्के वा त्याहून अधिक असेल, तर तीव्र ल्युकेमिया मानला जातो.

दुसरी पायरी पेशीपृष्ठावरील व पेशीतील खुणांची. निरनिराळ्या खुणांना चिकटणारी, चमकणाऱ्या रंगांची प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. मग पेशी एकामागोमाग एक लेसर किरणासमोरून जातात आणि प्रत्येकीवर कोणता रंग चमकला याची नोंद यंत्र ठेवते. यालाच फ्लो सायटोमेट्री म्हणतात. सीडी १९, सीडी २२, सीडी १० अशा खुणा दिसल्या, तर रोग बी प्रकारच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा. पेशीच्या आत सीडी ३ आणि जोडीला सीडी ७ दिसले, तर टी प्रकारचा. मायलोपेरॉक्सिडेज, सीडी १३, सीडी ३३, सीडी ११७ या खुणा मायलॉइड प्रकाराकडे बोट दाखवितात. सीडी ३४ ही पेशी अपक्व असल्याची खूण होय. कोणतीही एक खूण एकटी पुरेशी नसते. त्यांचा संच पाहून निर्णय घ्यावा लागतो.

तिसरी पायरी गुणसूत्रांची व जनुकांची. लहान मुलांत १२ व २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल किंवा गुणसूत्रांची संख्या ५०च्या वर जाणे, ही चांगल्या परिणामाची लक्षणे मानली जातात. ९ व २२ची अदलाबदल तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात आढळली, तर पूर्वी ती अत्यंत वाईट वार्ता असे. इमॅटिनिब व त्या वर्गातील औषधांनी हे चित्र बरेच बदलले. १५ व १७ची अदलाबदल असलेल्या प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे उदाहरण तर बोलके आहे. यात रुग्ण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने दगावू शकतो. मात्र वेळीच ओळख पटली आणि अ जीवनसत्त्वापासून बनविलेले औषध व आर्सेनिक ट्रायऑक्साइड सुरू झाले, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणूनच या प्रकाराची शंका येताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता पहिले औषध सुरू करावे, असा संकेत आहे.

खुणांचे काम निदानापाशी संपत नाही. उपचारानंतर दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हेही याच तंत्राने पाहता येते आणि त्यावरून पुढील उपचार सौम्य ठेवायचे की तीव्र, हे ठरते. २०२३ साली भारतात मान्यता मिळालेली पहिली स्वदेशी कार-टी पेशी उपचारपद्धती आय. आय. टी. मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून साकारली. तिचे लक्ष्य सीडी १९ हीच खूण आहे. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशींना ती खूण ओळखायला शिकवून रोगट पेशींवर सोडले जाते. या कामात सहभागी असलेले खारघरचे संशोधन केंद्र खानोलकरांनी स्थापन केलेल्या परळच्या केंद्राचाच वारसा पुढे चालवीत आहे.

गावापासून प्रयोगशाळेपर्यंत

हे सारे महानगरांपुरतेच राहिले, तर त्याचा उपयोग अर्धाच. गडहिंग्लज ते कोल्हापूर हे अंतर साठ-सत्तर किलोमीटरचे. मुंबई तर चारशेहून अधिक किलोमीटर दूर. पण निदानाचा पहिला दुवा गावातच असतो. न उतरणारा ताप, अचानक आलेला फिकेपणा, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, मुलांची हाडे दुखणे, अशी लक्षणे एकत्र दिसली, तर साधी रक्तगणना आणि काचपट्टीची तपासणी ताबडतोब व्हायला हवी. तालुक्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या विकृतिशास्त्रज्ञाची नजर येथे मोलाची ठरते.

दोन गोष्टींची काळजी विशेष घ्यावी लागते. एक, निदान निश्चित होण्यापूर्वी स्टिरॉइड देऊ नये. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी त्याने तात्पुरत्या नाहीशा होतात, ताप उतरतो, रुग्णाला बरे वाटते. पण खुणा पुसल्या जातात आणि खरे निदान लांबते. दुसरी, नमुना योग्य नळीत व योग्य वेळी पोहोचला पाहिजे. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पेशी जिवंत लागतात, म्हणून हेपॅरिनची नळी वापरतात. पेशीपृष्ठ व जनुक तपासणीसाठी ईडीटीएची नळी चालते. नमुना गोठवायचा नसतो आणि एक-दोन दिवसांत तो प्रयोगशाळेच्या टेबलावर असावा लागतो. वाटेत गेलेला एखादा दिवस पुन्हा सुई टोचून घेण्याची वेळ आणू शकतो.

रक्तपेढीशीही या विषयाचा संबंध आहे. ल्युकेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त व रक्तबिंबिका द्याव्या लागतात. रक्तगट ठरविताना पेशींबरोबरच रक्तद्रवाचीही तपासणी केली, तर दुर्मीळ बॉम्बे गट किंवा रोगामुळे क्षीण झालेली ए-बी खूण निसटत नाही.

खानोलकरांनी स्वतः सीडी क्रमांक वापरले नाहीत आणि ल्युकेमियातील गुणसूत्रांच्या शोधावर त्यांचे नाव नाही. त्यांनी उभे केले ते माणसांचे व प्रयोगशाळांचे बळ. रुग्णाची जात, सवय, रक्तगट, ऊतक यांपैकी प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे मोजायची आणि पुरावा मिळेल त्यावर निष्कर्ष बेतायचा, ही शिस्त त्यांनी भारतीय वैद्यक संशोधनाला लावली. तंबाखूच्या बाबतीत त्या शिस्तीने वंशावरचा आळ दूर केला आणि सवयीवर बोट ठेवले. ल्युकेमियाच्या बाबतीत तीच शिस्त वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांना त्यांचा वेगवेगळा उपचार मिळवून देते. हिरण्यकेशीकाठच्या एखाद्या घरात आलेला तो कठीण शब्दांचा अहवाल नीट वाचला गेला आणि त्यानुसार उपचार वेळेवर सुरू झाले, तर डॉ. खानोलकरांच्या कार्याचे फळ त्या घरापर्यंत पोहोचले, असे म्हणण्यास हरकत नाही.